वरचा पत्रा

वारज्याच्या पुलाखालून सहाआसनी रिक्षा बायपासला लागली तेव्हा पूर्णिमाच्या कपाळावरची टिकली सुटून मांडीवरच्या डब्याच्या पिशवीवर पडली. धक्का बसला नव्हता, वारा तिच्या बाजूने नव्हता, आणि दोन्ही हात तर पिशवीच्या बंदांतच होते. समोरच्या बाई म्हणाल्या, "टिकली पडली हो तुमची." नुसतं सांगून थांबणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी पुढे जोडलं, "तेलकट कपाळावर लावली की असंच. दिसायला चिकटलेली, पण धरलेलं काही नसतं." पूर्णिमाने टिकली बोटाच्या टोकावर घेऊन उलटी केली. मागचा डिंक जसाच्या तसा होता, आणि त्यावर तिच्याच कपाळाच्या तेलाची पुसटशी साय. सकाळी सातला तिने ती लावली होती. खोलीतल्या राजनंदिनीने कॉम्प्युटर क्लासची फाईल शोधता शोधता तिच्याकडे पाहून "मस्त दिसतेस" म्हटलं होतं, दूधवाल्याने पाहिलं होतं, रिक्षात चढताना ड्रायव्हरने पाहिलं होतं. सव्वा तास सगळ्यांच्या डोळ्यांना ती टिकली कपाळावर होती, आणि त्या सव्वा तासात एक क्षणभरही ती कपाळाला लागलेली नव्हती. नुसती टेकून होती. फेब्रुवारीचं कोवळं ऊन डाव्या गालावर पडत होतं, बाजूला खडीचे डंपर चालले होते, आणि ऑक्टोबरपासून तिने मनात ज्याच्यावर एकावर एक कागद रचून ठेवले होते ते एकाएकी उघडं होऊन समोर आलं: थप्पीतला सगळ्यात वरचा पत्रा, आणि त्यावरचे थेंब.

धायरीतल्या एका लहान कारखान्याच्या शेडमध्ये ती दीड वर्षापूर्वी लागली होती. वर्ध्याहून एम.एस्सी. करून पुण्यात आलेल्या मुलीला तेव्हा सगळे म्हणायचे, फिजिक्स काय करतेस, कोबोल शीक, कॉम्प्युटरमधली दोन हजार सालाची चूक दुरुस्त करायला अमेरिकेत माणसं कमी पडतायत. राजनंदिनी तेच शिकत होती. पूर्णिमाला मात्र मालक देवस्थळींच्या शेडमध्ये पहिल्याच दिवशी हातात दिलेला तो तुकडा सोडवेना. अॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे, मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या सहा कोनी घरांचा कागदाइतका पातळ गाभा, आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट पडदा, जो फ्रीजमध्ये ठेवायचा आणि दाबयंत्रात उष्णतेने शिजवायचा. हातात घेतला तर वजनच नाही. पाय देऊन उभं राहिलं तर वाकत नाही. डोंगराळ भागातून आजारी माणसं आणि सामान आणणाऱ्या एका लहान हेलिकॉप्टरच्या दारांत हे फलक बसणार होते. "या पत्र्यात ताकद नाही आणि या जाळीतही नाही," देवस्थळी तेव्हा म्हणाले होते, "ताकद आहे ती फक्त चिकटण्यात. आणि तेच दिसत नाही. म्हणून तुमचा पगार." तिचं काम एवढंच: जे दिसत नाही ते चिकटलंय की नाही हे सांगणं आणि सही करणं.

सांगायच्या दोन पद्धती होत्या. एक भाड्याने आणलेलं अल्ट्रासॉनिक यंत्र, जे फलकात आवाज सोडायचं आणि पलीकडे किती पोचला ते पडद्यावर दाखवायचं. दुसरी पद्धत म्हणजे रज्जाकभाई. रज्जाकभाईंचे वडील भवानी पेठेत कल्हई लावत, आणि त्यांच्या भावाचं भांड्यांचं दुकान अजून तिथेच होतं. ते स्वतः जुना जाड रुपया अंगठा आणि दोन बोटांत धरून फलकावर बोटा-बोटाच्या अंतराने टिकटिक करत जायचे. चिकटलेल्या जागी आवाज कोरडा, खणखणीत. सुटलेल्या जागी भद्द. पहिल्या महिन्यात पूर्णिमाला तो फरक कानाला कळायच्या आधी बाबांचा हातोडा आठवला होता. तिचे वडील वर्धा स्टेशनात लांब दांड्याचा हातोडा घेऊन उभ्या गाडीच्या चाकांवर ठोके देत जायचे. सुट्टीत डबा घेऊन गेलं की ती फलाटाच्या टोकाला बसून मोजायची, टण, टण, टण. एकदा एका चाकापाशी बाबा थांबले, पुन्हा ठोकलं, आणि गाडी दोन तास उभी करून ठेवली. साहेब ओरडला, प्रवासी उतरून शिव्या देत राहिले, बाबा मान खाली घालून उभे. शेवटी चाक निघालं आणि केसाएवढी चीर सापडली. त्या रात्री बाबा जेवून उठताना एवढंच म्हणाले, "वाजवलं की कळते." हे वाक्य घेऊन ती मोठी झाली होती. फिजिक्स तिने त्यासाठीच घेतलं असावं.

पण एक प्रकार असा होता की जो वाजवून कळत नव्हता. पुस्तकात त्यावर दीड पान होतं, तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं होतं. पत्रा आणि चिकट पडदा यांच्यामध्ये मुळीच फट नाही, दोघं एकमेकांना अगदी कडेपर्यंत भिडलेले, फक्त धरलेले नाहीत. कारण चिकटायच्या वेळी मध्ये कसलीतरी नखभर मलिनता होती, बोटाचा घाम, तेलाचा श्वास. फट नसल्यामुळे यंत्राचा आवाज विनाअडथळा पलीकडे जातो. फट नसल्यामुळे रुपया खणखणीत वाजतो. जोर पडेपर्यंत तो जोड चांगल्या जोडासारखाच वागतो. तो ओळखायचा एकच मार्ग, कापून सोलून बघायचं. पुस्तकाने पुढे एवढंच म्हटलं होतं की म्हणून स्वच्छतेला पर्याय नाही.

स्वच्छता दुर्गाबाईंकडे होती. त्या धायरी गावातल्याच. शेड उभी राहिली ती जमीन एकेकाळी त्यांच्या चुलत सासऱ्याची. औषधात बुडवून धुतलेले पत्रे पांढऱ्या मोज्यांच्या हातांनी उचलून, चिकटवायची बाजू वर करून, त्या एकावर एक रचत आणि वर तपकिरी कागद घालत. "लेकराला दृष्ट लागंल तशी झाकते मी," त्या म्हणायच्या. त्या थप्पीला उघड्या हाताने शिवायचं नाही, आणि कुणी शिवलंच तर सगळी थप्पी परत धुवायची, हा नियम पूर्णिमानेच टाईप करून भिंतीवर लावला होता. खंडेनवमीला शेड धुऊन काढली गेली. दाबयंत्राला झेंडूची माळ, कटरला हळदकुंकू, अल्ट्रासॉनिकच्या पेटीवर देवस्थळींनी स्वतः फूल ठेवलं, "भाड्याचं असलं तरी देव बघत नाही." रज्जाकभाईंनी आपला रुपया ताम्हनात ठेवला तेव्हा कुणीतरी म्हणालं, चाचा, दक्षिणा परत मिळत नाही हं, आणि सगळे हसले. दुर्गाबाईंनी थप्पीवरचा कागद बाजूला केला. "यंत्राची पूजा करता, आन ज्याच्यावर पोट हाय ते झाकून ठिवता व्हय?" नारळ फोडायचा मान शिकलेल्या ताईंचा. पूर्णिमाने तो एका फटक्यात फोडला, पाणी वाटीत धरलं, आणि कुणीतरी तिच्या हातात झेंडूचं फूल देऊन म्हणालं, शिंपडा ताई सगळीकडं.

तिने शिंपडलं. आता रिक्षात बसून ते पुन्हा बघताना तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की ती त्या क्षणी फार सुखात होती. घर सोडल्यापासून पहिल्यांदा. खंडेनवमीला बाबा हातोडा घरी आणायचे, आई तो चिंचेने घासायची, पाटावर लाल कापड घालून ठेवायची, आणि पूर्णिमाला त्यावर पाणी शिंपडायला सांगायची. तेच फूल, तोच ओल्या झेंडूचा तुरट वास. ती यंत्रांवरून फिरत गेली आणि हात थांबला तेव्हा वरच्या पत्र्यावर पाच-सहा थेंब होते, नारळाच्या पाण्याचे, किंचित गढूळ, कडेला कुंकवाची गुलाबी छटा. तिने ते पाहिले. कुणी दुसऱ्याने पाहिले नव्हते. सगळी थप्पी परत धुवायची म्हणजे आणखी दोन दिवस, आणि चिकट पडदा फ्रीजमधून बाहेर काढून ठेवलेला, तो तेवढा टिकला नसता. आणि आत्ता, सगळे हसत असताना, दुर्गाबाईंसमोर, तुमच्या पूजेने माल बिघडला असं म्हणायचं? तिने ओढणीचं टोक घेतलं आणि थेंब टिपले. तेल लावलेल्या वेणीखाली दिवसभर असलेलं ते टोक. पत्रा पुन्हा आरशासारखा झाला.

दोन दिवसांनी चोवीस पत्र्यांचे बारा फलक झाले. थप्पी दोनदा हलवली गेली, एकदा उलटीही झाली, आणि क्रमांक पडले ते दाबयंत्रातून निघाल्यावर. वरचा पत्रा कुठल्या फलकात गेला ते सांगणारं जगात काही उरलं नाही. रज्जाकभाईंनी बारा फलक वाजवले, बाराही खणखणीत. यंत्राने बाराही स्वच्छ दाखवले. तिने बारा सह्या केल्या. मग गिऱ्हाईकाचीच कसली तरी मंजुरी अडली आणि फलक लाकडी पेट्यांत बंद होऊन चार महिने मागच्या भिंतीशी पडून राहिले. रोज त्यांच्याजवळून जाताना तिने मनात त्यांच्यावर एकेक कागद घातला: पाणी वाळलंच असेल, उष्णतेत जळून गेलं असेल, चाचण्या चुकीच्या नसतात. आज सकाळी अकराला ट्रक येणार होता.

वडगावला उतरून ती चालत नव्हती, जवळजवळ धावत होती. रज्जाकभाई दारातच चहा पीत बसले होते. तिने उभ्याउभ्या सगळं सांगितलं, ओढणीसकट. त्यांनी बशीतला चहा संपवला. "अब्बा नवसागराने भांडं साफ केल्याशिवाय कल्हई लावत नसत," ते म्हणाले. "एकदा घाई होती, तेलाचा हात लागलेल्या पातेल्यावर तशीच फिरवली. इतकी सुंदर आली बेटा, चेहरा दिसायचा. गिऱ्हाईक खूश. आठ दिवसांत पापुद्रा." मग त्यांनी खिशातून रुपया काढला, बघितला, परत ठेवला. "माझ्या कानात आलं असतं तर मी सोडलं नसतं." ते अपराध्यासारखं बोलले, आणि पूर्णिमाला ते सहन झालं नाही.

देवस्थळी पावणेअकराला आले आणि त्यांनी ऐकून घेतलं. ते वाईट मनुष्य नव्हते. सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी सोडून, आता देशात असं काही करता येईल म्हणून, पन्नाशीत त्यांनी ही शेड घातली होती. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे बारातला एक. कदाचित."

"हो."

"कुठला ते माहीत नाही."

"नाही."

"चाचण्यांत काही नाही."

"त्यात येणारच नाही, सर. कापून बघावं लागेल."

"अहो, कापल्यावर मग मी पाठवू काय? खाली राहिलेला चुरा?" ते थोडं हसले, मग थांबले. खिडकीतून ट्रक फाटकाशी वळताना दिसत होता. ते त्या ट्रककडे बघत म्हणाले, "एक कापू. तुम्ही निवडा. त्यात सापडलं तर उरलेले अकरा मी स्वतः कापतो, तुमच्यासमोर. नाही सापडलं तर मात्र हा विषय मला पुन्हा ऐकायचा नाही."

नाही म्हणायला हवं होतं. बारातला एक कापून बाकीच्यांबद्दल काहीच कळत नाही, हे नववीतल्या मुलालाही कळतं. पण चार महिन्यांनी कुणीतरी तिचं ऐकलं होतं, आणि मनात एक वेडी आशा उभी राहिली की तिला तो ओळखू येईल. पेट्या उघडल्या. तिने रज्जाकभाईंना पुन्हा वाजवायला सांगितलं, ते गुडघ्यांवर बसून बाराही फलकांवरून फिरले, आणि शेडमधलं सगळं काम थांबून तो टिकटिक आवाज तेवढा राहिला. तिने डोळे मिटले. फलाटाचं टोक, डब्याची ऊब. एक एक ठोका स्वच्छ होता. इतका स्वच्छ की तिला त्या आवाजाचीच भीती वाटायला लागली. सातव्या फलकापाशी काहीतरी वेगळं वाटल्यासारखं झालं आणि ती म्हणाली, "हा." रज्जाकभाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना काही वाटलं नव्हतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

कटर किंचाळला. बोटाएवढ्या रुंद पट्ट्या निघाल्या, त्या सोलायच्या यंत्रात लावल्या. चिकटलेलं नसेल तर वरचा पत्रा केळीच्या सालीसारखा सहज सुटतो. जोर दाखवणारा काटा चढत गेला. चढतच राहिला. पत्रा सुटायच्या आधी आतली जाळी फाटली, आणि फाटलेल्या जाळीच्या सहा कोनी कडा पत्र्याला तशाच घट्ट धरून वर आल्या. दुसरी पट्टी. तिसरी. वरून, खालून. आठही पट्ट्या. तिने आयुष्यात पाहिलेला सगळ्यात उत्तम जोड होता तो.

"झालं समाधान?" देवस्थळी म्हणाले. आवाजात टोमणा कमी होता, थकवा जास्त.

"सर, याचा अर्थ फक्त हा चांगला होता."

"आणि बाकीच्यांचा?"

"मी सही मागे घेते," ती म्हणाली.

"कशावरून घेता? काय लिहू? यंत्र स्वच्छ, ठोके स्वच्छ, कापून पाहिलं तेही स्वच्छ, तरी मॅडमना वाटतं?" ते दारापर्यंत गेले आणि वळले. "नमुना कापून पाहिला, उत्तम निघाला, हे मी कागदात घालतोय. गिऱ्हाईक खूश होईल." आणि मग, काहीतरी करायला हवं म्हणून, आपण बेफिकीर नाही हे स्वतःलाच दाखवायला हवं म्हणून, त्यांनी हाक मारली, "दुर्गाबाई, उद्यापासून धुलाईच्या खोलीत तुम्ही नको. बाहेर झाडायला घ्या. आणि पूजा पुढच्या वर्षीपासून फाटकाजवळ."

"पाणी मी शिंपडलं, सर," पूर्णिमा म्हणाली. "पुसलंही मीच."

"कागद कुणी काढला?"

दुर्गाबाई मोजे काढत होत्या, एकेक बोट सावकाश ओढून. "ताई, तवा बोलला असता तर मी रातभर बसून धुतलं असतं समदं," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. "आमी काय, पानी म्हंजी पानी समजतो. तुमास्नी ठावं हुतं." मोज्यांची जोडी त्यांनी घडी करून टेबलावर ठेवली आणि झाडू घ्यायला गेल्या.

अकरा पेट्या ट्रकमध्ये चढल्या. हमालांनी त्या हातावर अलगद झेलल्या, आणि एकजण म्हणाला, आत काही हाय का नाही, वजनच लागंना.

संध्याकाळी वारज्याला उतरून ती खोलीवर गेली नाही. राजनंदिनी असेल, आज शिकलेलं सांगेल. आमच्या प्रोग्रॅममध्ये चूक राहिली तर बाहेर गेल्यावरही दुरुस्ती पाठवता येते, असं ती मागे एकदा म्हणाली होती, सहज. नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये पूर्णिमाने काच ओढून घेतली आणि वर्ध्याच्या घरमालकांकडचा नंबर लावला. बाबांना बोलावून आणेपर्यंत ती हातातली पट्टी फिरवत राहिली. कापलेल्या फलकाची ती पट्टी तिने पिशवीत, न उघडलेल्या डब्याशेजारी, टाकून आणली होती. कोपऱ्यात नख घालून पत्रा उचलायचा प्रयत्न केला. नख मुडपलं, पत्रा हलला नाही. बारातला हा एकच नक्की चांगला होता, आणि आता तोच कशाच्याही कामाचा नव्हता.

"काय वं माय," बाबांचा आवाज आला. "मधल्या वारी फोन? तब्येत बरी ना?"

"बरी आहे. बाबा, एक विचारू? असं कधी झालं का, की चाक वाजवलं, आवाज चांगला आला, आणि तरी चाक खराब होतं?"

तारेतून कुणाच्या तरी घरचा टीव्ही ऐकू येत होता. समोर मीटरचे लाल आकडे पुढे सरकत होते.

"ते आपल्याले कसं कळन, पोरी," बाबा म्हणाले. "चांगला आवाज आला की हिरवी बत्ती दाखवतो मानूस. गाडी जाते." पुढे म्हणाले, "मंग ते पुढच्यायले कळते."

"तुम्ही कधी विचार नाही केला त्याचा?"

"तीस वर्षं केला," बाबा म्हणाले. "जेवली का?"

"हो," ती म्हणाली. आवाज स्वच्छ आला. बाबांनी तो ऐकून घेतला, बरं म्हणाले, आणि फोन ठेवला.